लाइन गेली, लाइन लागली, लाइनवर आला: एका इंग्रजी शब्दाचा गुंता सोप्या भाषेत

पीक विम्याच्या दिवसात आमच्या इकडच्या कोणत्याही ऑनलाइन सेंटरच्या ओट्यावर जाऊन बसा, हे वाक्य थोड्याफार फरकाने कानावर येतंच: "लाइन नव्हती त ऑनलाइन बंद पडलं, म्हणून एवढी लाइन लागून राहिली, आन् डेडलाइन त उद्याचीच हाय." बोलणारा अडत नाही, ऐकणाराही अडत नाही. एका दमात चार वेळा लाइन आली, चारही वेळा अर्थ निराळा, तरी सगळ्यांना बरोबर समजलं. पण त्याच माणसाचं पोरगं घरी इंग्रजीचं पुस्तक उघडून बसते तेव्हा लाइन म्हणजे रेषा एवढंच पाठ करते, मग पुढच्या धड्यात लाइन म्हणजे कवितेची ओळ निघते, त्याच्या पुढे मासे धरायची दोरी निघते, आणि डिक्शनरी उघडली तर पानभर अर्थ. तिथे पोरगं पुस्तक मिटून टाकते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्या वर्षी पहिलीत बसलेले आता स्वतःच्या पोरांना शाळेत सोडायला येतात, पण हा गुंता तसाच आहे.

हे फक्त लाइनचंच आहे का?

नाही बाप्पा. इंग्रजीत जेवढा शब्द छोटा आणि रोजचा, तेवढे त्याचे अर्थ जास्त. ऑक्सफर्डची सगळ्यात मोठी डिक्शनरी आहे, १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची, तिच्यात 'सेट' या एका क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ दिलेत. नंतर नव्या आवृत्तीसाठी 'रन' हा शब्द पुन्हा तपासायला घेतला तर तो ६४५ वर गेला. उलट 'फोटोसिंथेसिस' सारखा दात पाडणारा शब्द घ्या, त्याला अर्थ एकच, झाडाने उन्हात अन्न तयार करणे, विषय संपला. म्हणजे पोरं ज्याला भितात तो शब्द सोपा असते आणि ज्याला 'हे तर येते मले' म्हणून सोडून देतात तोच परीक्षेत पाडते.

याला भाषेच्या अभ्यासात पॉलिसेमी म्हणतात. एकाच मुळातून फुटलेले बरेच अर्थ एकाच शब्दात राहणे, एवढाच त्याचा मतलब. आपण पुढे साधं 'अनेकार्थी' म्हणू. गावात एका आडनावाची तीस-चाळीस घरं असतात ना, कोणी शेती करते, कोणी मास्तर, कोणी नागपूरला रिक्षा चालवते, चेहरे वेगळे, धंदे वेगळे, पण चार पिढ्या मागे गेलं की सगळे एकाच वाड्यातून निघालेले, तसं अनेकार्थी शब्दाचं असते. घर-घर पाठ करत बसण्यापेक्षा वाडा सापडला तर काम सोपं होते. लाइनचा वाडा कुठे आहे? तर जवसाच्या वावरात.

जवसाचा काय संबंध?

रोमन लोकांची जुनी भाषा लॅटिन. तिच्यात जवसाला लिनम म्हणत आणि जवसाच्या खोडापासून काढलेल्या धाग्याला, दोरीला लिनेआ. तोच लिनेआ फिरत फिरत इंग्रजीत लाइन झाला. काही लॅटिनमधून सरळ आला, काही फ्रेंच लोकांच्या 'लिन्य' मधून आला, पण मूळ तेच. जवसाचं शास्त्रीय नाव आजही लिनम युसिटॅटिसिमम आहे, आणि त्या जिभेला गाठ मारणाऱ्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'भलताच उपयोगी' असा होतो.

आता आपल्याकडे जवस म्हटलं की चटणी आठवते, किंवा घरचं तेल. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या उभ्या बांधीत कापणीच्या आधी जवस फेकून देतात, उतेरा म्हणतात त्याला, धान कापलं की खालून जवस वर येते आणि थंडीत सकाळी वावर निळं दिसते. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालते, एनएल नावाने सुरू होणारे वाण तिथलेच. पण आपला जवस बुटका, दाण्यासाठीचा. युरोपात, फ्रान्स-बेल्जियमकडे, उंच वाढणारा जवस धाग्यासाठी लावतात. खोड कुजवतात, कुटतात, मग आतला धागा मोकळा होते. आपल्या अंबाडीचा वाख काढतात तीच तऱ्हा. त्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन, लग्नसराईत दुकानदार ज्याचा भाव ऐकवून आपल्याला उठवते ते. जवसाच्या दाण्याला इंग्रजीत लिनसीड म्हणतात. टेलर कोटाला आतून अस्तर लावते त्याला लायनिंग म्हणते, कारण पूर्वी अस्तर लिननचं असायचं. जिनिंगमध्ये सरकी काढल्यावर उरलेल्या रुईला लिंट म्हणतात, हाही शब्द त्याच घरचा, म्हणजे आपल्या कापसाला इंग्रजांनी जवसाचं नाव देऊन ठेवलं, आता काय बोलायचं.

दोरी ताणली की काय होते?

हे बघायला घरकुलाचं काम चाललेलं कोणतंही घर चालेल. गवंडी काय करते, एका कोपऱ्यात विटेला दोरी गुंडाळते, दुसऱ्या कोपऱ्यात ओढून तशीच दुसऱ्या विटेला बांधते, बोटाने टण्‌ करून बघते की ताण बरोबर आहे का, मग त्या दोरीच्या कडेने एकेक वीट बसवत जाते. त्या दोरीला आपले गवंडी लाइनदोरी म्हणतात. म्हणजे शब्द अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी आणि दोन्हीचा अर्थ दोरीच! शाळा न पाहिलेल्या गवंड्याच्या तोंडात लाइनचा सगळ्यात जुना अर्थ जिवंत आहे आणि गाइडमध्ये तो पाचव्या-सहाव्या नंबरवर टाकला असते.

आता त्या ताणलेल्या दोरीकडे नीट बघा. ती सरळ आहे. ती दोन टोकं जोडून राहिली. ती इकडची बाजू आणि तिकडची बाजू वेगळी करून राहिली. आणि तिच्या कडेने विटा एकामागे एक लागून राहिल्या. लाइनचे बहुतेक सगळे अर्थ या चार गोष्टींतूनच निघालेत.

सरळपणाचा अर्थ तर वहीतच आहे, पट्टी ठेवून मारलेली रेघ. त्याच्यातून पुढे वागण्यावर आला. पोरगा 'लाइनवर आला' म्हणजे सुधरला. इंग्रजीतही 'टो द लाइन' म्हणतात, पायाची बोटं आखलेल्या रेघेला लावून उभं राहणे, म्हणजे सांगितलं तसं मुकाट वागणे. रेडिओवर क्रिकेट ऐकताना 'लाइन आणि लेंथ' येते तिथेही तेच, चेंडू कोणत्या सरळ रेघेत चालला ती लाइन आणि टप्पा किती पुढे पडला ती लेंथ.

जोडणारी लाइन

फोनची लाइन, विजेची लाइन, पाण्याची पाइपलाइन, रेल्वेची लाइन, विमानाची एअरलाइन, सगळ्यांत एक टोक इथे आणि एक तिथे. एअरलाइनला तर आकाशात दोरी नाही, तार नाही, रूळ नाही, तरी लाइन, कारण दोन गावं जोडली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ब्रिटिशांच्या काळात कापूस न्यायला टाकलेली नॅरोगेज, तिच्यावरची शकुंतला गाडी बंद पडली, रुळाच्या मध्ये झुडपं उगवली, तरी लोक 'शकुंतलेची लाइन' असंच म्हणतात.

रेल्वेनेच आपल्याला 'लाइन क्लिअर' दिलं. एकेरी मार्गावर स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनला विचारते, मार्ग मोकळा आहे का, तिकडून लाइन क्लिअर आलं की गाडी सुटते. आता हे सोयरिकीत चालते, "आमच्याकडून लाइन क्लिअर हाय, तुमचं सांगा." तिकीटवाटपाच्या दिवसात पुढाऱ्यांच्या तोंडीही.

'कोणत्या लाइनमध्ये आहे तुमचा मुलगा?' ही लाइन म्हणजे धंदा. मेडिकल लाइन, ड्रायव्हर लाइन. इंग्रजीतही 'लाइन ऑफ वर्क' आहे, तेव्हा ही आपली चूक नाही, बिनधास्त वापरा.

तोडणारी लाइन

हिच्यावर जरा थांबू, कारण पेपरात रोज येणारी हीच. वावरात आपण धुरा म्हणतो, पुण्याकडचे बांध म्हणतात, तो दिसते तरी. पण इंग्रजीत न दिसणाऱ्या धुऱ्यांनाही लाइन म्हणतात. १९४७ मध्ये सिरिल रॅडक्लिफ या आधी कधी भारतात न आलेल्या वकिलाने नकाशावर फाळणीची रेघ ओढली, ती रॅडक्लिफ लाइन. काश्मीरची लाइन ऑफ कंट्रोल, म्हणजे नियंत्रण रेषा, १९७२ च्या सिमला करारातून आली. बातमीत 'एलओसी' ऐकून आपण पुढे जातो, पण त्यातला एल हाच.

दारिद्र्यरेषा तर आणखी मजेची. ती कुठल्याच नकाशावर नाही. ती खर्चाचा एक आकडा आहे, त्याच्या खाली असला की गरीब, वर गेला की नाही. १९७१ मध्ये पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च धरून हिशेब मांडला होता, त्यावरून देशात बराच वाद झाला. आपल्याकडे मात्र बीपीएलचा, म्हणजे 'बिलो पॉव्हर्टी लाइन'चा, अर्थच बदलला. माणूस सरळ म्हणते, "मी बीपीएल हाय." शब्दशः बघितलं तर तो म्हणून राहिला 'मी रेषेच्या खाली आहे', पण डोळ्यासमोर रेषा नाहीच, पिवळं रेशन कार्ड आहे. अर्थ असे सरकत जातात, कोणी मिटिंग घेऊन ठरवत नाही.

डेडलाइनची गोष्ट तर अंगावर येते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. त्यात अँडरसनव्हिल इथे कैद्यांची मोठी छावणी होती, तिथे १८६४ मध्ये कुंपणाच्या आत काही अंतरावर एक रेघ ठरवली होती, कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालणार. ती डेड लाइन. नंतर छापखाने आणि पेपरवाल्यांनी शब्द उचलला, वेळेच्या आत मजकूर दिला नाही की मेलास, अशा अर्थाने. आज विम्याचा फॉर्म भरायची शेवटची तारीख म्हणजे डेडलाइन. तिथे गोळी घालत नाहीत, पोर्टल बंद करतात.

एकामागे एक

बँकेसमोरची रांग, कवितेच्या ओळी, घराण्याची वंशावळ, मुंग्यांची ओळ, हे सगळं या घरात. नागपूरचं सिव्हिल लाइन्स, जिथे विधानभवन आहे, तेही इथलंच. इंग्रजांच्या छावणीत तंबू आणि बराकी ओळीने असत, म्हणून सैन्याच्या वस्तीला लाइन्स, आणि सैन्यात नसलेल्या, मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या वस्तीला सिव्हिल लाइन्स. पोलीस लाइनही तशीच. आता तिथे चार मजली बिल्डिंग उभी राहिली तरी नाव लाइनच.

'लाइन गेली' ही इंग्रजी आहे का?

नाही, ही आपली भर. आणि मला विचाराल तर झकास भर आहे. इंग्रजी माणूस वीज गेली तर 'पॉवर गेली' म्हणते, 'लाइन डेड झाली' म्हणते ते फोनबद्दल. आपण काय केलं, जी तार वीज आणते त्या तारेचं नाव विजेलाच देऊन टाकलं. भांड्याचं नाव आतल्या वस्तूला देणे हे सगळ्या भाषा करतात, आपण 'एक कप घेता का' म्हणतो तेव्हा कोणी कप खात नाही.

पण याचा एक परिणाम मात्र समजून घ्या, कारण यात जीव जाऊ शकते. आपल्या बोलण्यात 'लाइन नाही' म्हणजे आत्ता वीज नाही. तार आहे, खांबावर आहे, डीपीला जोडलेली आहे, आणि कोणत्याही क्षणी वीज येऊ शकते. शेतीची थ्री फेज कधी दिवसाची, कधी रात्रीची, अधूनमधून जाते-येते, त्यात बऱ्याच मोटरींना ऑटो बसवलेलं असते, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू. "लाइन नाही हाय, कर हात लावून" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. लाइनमनच्या भाषेत लाइन बंद म्हणजे वरून बंद करून, परवानगी घेऊन, कोणी मधातच चालू करणार नाही याची सोय करून बंद. घरातल्या वायरमनची लाइन आणखी तिसरीच, तो दोन तारांपैकी फेजच्या तारेला लाइन म्हणते आणि दुसरीला न्यूट्रल. तेव्हा कोणी 'लाइन नाही' म्हटलं तर हात लावायच्या आधी विचारायचं, कोणती लाइन, गेली का बंद केली, आणि केली तर कोणी.

दुसरा परिणाम हसण्यासारखा. एखादा पोरगा इंग्रजीत अर्ज लिहिते, 'देअर इज नो लाइन इन अवर व्हिलेज सिन्स टू डेज'. वाचणारा परप्रांतीय साहेब समजेल, वा, दोन दिवसांपासून गावात रांगच नाही, चांगलं आहे की. तिथे 'पॉवर सप्लाय' लिहायचं. तसंच 'लाइन मारणे'. हे आपल्या देशातलं. इंग्रजीत 'पिकअप लाइन' आहे पण तिथे लाइन म्हणजे पोरीला पटवायला टाकलेलं वाक्य, नाटकातल्या डायलॉगला लाइन म्हणतात तशी.

समानार्थी शब्द दिलेत ना, मग कोणताही टाकला तर काय बिघडते?

गाइडमध्ये लिहिलेलं असते: लाइन बरोबर रो, क्यू, रोप, वायर, ट्रॅक, बाउंड्री. पोरांना वाटते सगळे सारखे. ते लाइनला सारखे आहेत, एकमेकांना नाहीत! रो म्हणजे शेजारी-शेजारी, टॉकीजमधल्या खुर्च्या, पऱ्हाटीची तासं. क्यू म्हणजे नंबर लागलेली माणसं, फक्त वाट पाहणारी. हा क्यू फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ शेपूट. स्पेलिंगमध्ये पहिल्या अक्षरामागे चार अक्षरं उगीच उभी आहेत, उच्चार पहिल्याचाच होते. रोप म्हणजे जाड दोर, बैलाच्या कामाचा, तर कपडे वाळत घालायची ती लाइन. वायर धातूची. ट्रॅक म्हणजे रूळ किंवा पायवाट. बाउंड्री म्हणजे सीमा, आणि चौकार.

मुंग्या क्यू लावत नाहीत, कारण त्यांना काही मिळायची वाट पाहायची नसते. कवितेत रो नसते. म्हणून वाक्यात लाइन काढून दुसरा शब्द ठेवून बघायचा, वाक्य उभं राहिलं तर तो अर्थ. आणि शेजारचा शब्द पाहायचा. 'ड्रॉ' असेल तर रेघ किंवा मर्यादा, 'होल्ड' असेल तर फोन ठेवू नका, 'स्टँड' असेल तर रांग, 'बॉटम' असेल तर शेवटचा हिशेब. एकटा शब्द ट्रान्सलेटच्या ॲपमध्ये टाकला तर ते बिचारं सगळ्यात जास्त चालणारा अर्थ देऊन मोकळं होते. अख्खं वाक्य टाका, निम्मी चूक तिथेच कमी होते.

ज्यात ज्यात लाइन ऐकू येते ते सगळं जवसाचं?

तसं नाही. दवाखान्यात लावतात ती सलाईन मिठाच्या लॅटिन शब्दावरून आली, सल म्हणजे मीठ. अर्ज डिक्लाइन झाला त्यातला क्लाइन झुकणे, कलणे या अर्थाचा. आवाज सारखा, घर वेगळं. क्रिकेटची बॅट आणि रात्री उडणारं वटवाघूळ, म्हणजे दुसरी बॅट, यांचंही तसंच, दोघींचं काही नातं नाही, स्पेलिंग योगायोगाने एक झालं.

पण आपली मराठी अशी गोंधळाची नाही ना?

असं म्हणणाऱ्याला फक्त 'लागणे' समजावून सांगायला लावा, तेही मराठी न येणाऱ्या माणसाला. भूक लागली, डोळा लागला, नोकरी लागली, आग लागली, कपाशीला बोंड लागलं, मग त्या बोंडाला अळी लागली, नवरीला हळद लागली, तो माझा मामा लागते, दगड लागला, रस्त्यात नदी लागली. बस स्टँडवर 'बस लागली' म्हणजे फलाटावर येऊन उभी राहिली आणि बसमध्ये बसल्यावर 'मले बस लागते' म्हणजे खिडकीजवळची जागा द्या लवकर. बाहेरच्या माणसाने याची यादी पाठ करायची ठरवली तर तो पण पुस्तक मिटेल. आपण कधी पाठ केली नाही, वाक्यात ऐकत गेलो.

मग लाइन सोडून शुद्ध मराठी शब्द काहून वापरत नाही?

वापरतो की. वावरात कोणी 'कपाशीची लाइन' म्हणून तिफण धरत नाही, तिथे तासच असते, धुरा असते, काकर असते. ओव्या-अभंगाच्या ओळीच असतात, जेवणाची पंगतच बसते. लाइन आली ती जी वस्तू बाहेरून आली तिच्यासोबत, तारेसोबत, रुळासोबत, पोलिसाच्या बराकीसोबत, इंटरनेटसोबत. फक्त रांगेचं तेवढं खरं, चांगला शब्द घरात असून आपण त्याला बाजूला बसवलं, रेशन दुकानासमोर आता कोणी रांग म्हणत नाही. आणि आता वावरात सोलर पंप येऊन राहिले, त्यांना खांबावरून तार नाही, म्हणून लोक मोटरींचे दोन प्रकार करून राहिले: एक सोलरवाली आणि एक लाइनवाली.